अल्टिमेट फ्रिस्बीची शनिवार-रविवारची स्पर्धा: नवख्यांना किती खेळवायचं?

मुक्ता_पुणे

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यातला अल्टिमेट फ्रिस्बीचा मिश्र संघ पुढच्या शनिवार-रविवारी बंगळुरूला स्पर्धेला निघालाय. सोळा जण आहोत, नऊ मुलगे आणि सात मुली (वयं १९ ते ४३, पण मैदानावर सगळे मुलगे-मुलीच). पोटापाण्यासाठी कोणीच खेळत नाही. नोकरी, कॉलेज, घर सांभाळून पहाटेचा सराव चालतो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका बाजूला सात खेळाडू. मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंडझोन. डिस्क १७५ ग्रॅमची. ती हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून दहा सेकंदांच्या आत फेकायची. समोर उभा असलेला मार्कर मोठ्याने आकडे मोजत असतो. डिस्क खाली पडली, बाहेर गेली किंवा विरोधकाने झेलली की ताबा त्यांचा. एंडझोनमध्ये आपल्या माणसाने झेलली की एक गुण. आणि बदली खेळाडू घ्यायचा तो गुण झाल्यावरच, नाहीतर कोणाला लागलं तर.

या बदलीच्या नियमासाठीच धागा काढलाय. दर गुणानंतर कप्तानाने (आमच्यात मी) पुढचे सात निवडायचे असतात. आमच्या सोळांतले सहा जण दिवाळीनंतर आलेले. बॅकहँड बरा, फोरहँड वाऱ्यात हेलपाटतो, आणि सामन्यात कुठे पळायचं याचा गोंधळ अजून आहे. संघात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्यांनी वर्गणी भरली, रजा टाकल्या, सगळ्यांना खेळायला सारखे पॉइंट (एक गुण होईपर्यंतचा खेळ म्हणजे एक पॉइंट) मिळालेच पाहिजेत. दुसरा म्हणतो, शनिवारी साखळीत हरलो की रविवारी खालच्या गटात जाणार, मग वर्षभराच्या सरावाचं काय?

मी पहिल्या तटातली आहे आणि माझं मत ठाम आहे. तरी दुसरी बाजू नीट ऐकून घ्यायची आहे. तुमच्या संघात काय करता?

पंचगंगा

ताई, धागा आवडला. शंका आहे. वर्णनात पंच कुठेच दिसला नाही. धक्का लागला, रेषेवर पाय पडला तर निकाल कोण देतं?

मुक्ता_पुणे

@पंचगंगा, पंच नसतोच. जागतिक स्पर्धेतही नसतो. धक्का लागला तर ज्याला लागला त्याने 'फाउल' म्हणायचं. खेळ तिथेच थांबतो. समोरच्याला पटलं तर मान्य करायचं, नाही पटलं तर 'कॉन्टेस्ट' म्हणायचं. दोघांनी आपापली बाजू थोडक्यात सांगायची. एकमत झालं नाही तर डिस्क मागे फेकणाऱ्याच्या हातात जाते आणि तो डाव परत खेळायचा. नियम स्वतः वाचलेले असावे लागतात, कारण तुम्हीच खेळाडू नि तुम्हीच पंच.

पंचगंगा

आमच्या गल्लीत बॅट ज्याची त्याचा शब्द शेवटचा असायचा :) तुमची पद्धत बरी दिसते.

हॅमर_थ्रो

मी मुंबईत खेळतो. मी दुसऱ्या तटातला, आणि मनापासून आहे.

स्पर्धा म्हणजे स्पर्धा. नवख्यांना शिकवायला वर्षभर सराव आहे, मैत्रीपूर्ण सामने आहेत, हॅट टुर्नामेंट आहेत (यात एकेकटे नाव नोंदवतात आणि आयोजक चिठ्ठ्या काढून संघ पाडतात. नवीन माणसाला याहून चांगली जागा नाही). पण संघ म्हणून बंगळुरूला रात्रभर बसने जायचं, आणि ८-८ असताना ज्याला डिस्क बघून धडकी भरते त्याला आत पाठवायचं, हा त्याच्यावरच अन्याय आहे. तो डिस्क टाकणार आणि परतीच्या बसमध्ये एकटा खिडकीशी बसणार. अशी मुलं परत सरावाला न आलेली मी पाहिली आहेत.

माझी पद्धत: ओ-लाइन आणि डी-लाइन आधी ठरवायच्या. ओ-लाइनला म्हणजे आपण पुल झेलून चढाई करणार त्या सातांत सगळे हात पक्के हवेत. डी-लाइनला म्हणजे आपण पुल फेकून बचाव करणार त्या सातांत पळणारे पाय हवेत. नवखे डी-लाइनला खेळवा, तिथे डिस्क हातात कमी येते.

खोखोवाली

सांगली जिल्ह्यातली, खो-खो खेळत मोठी झाले, आता नोकरीमुळे पुण्यात फ्रिस्बी खेळते (मुक्ताच्या संघात नाही, दुसऱ्या). हॅमरदादाच्या डी-लाइनला अनुमोदन. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा फोरहँड अजिबात येत नव्हता. पण खो-खोत पळता पळता अंग मुरडून दिशा बदलायची सवय हाडात भिनलेली असते. कटर म्हणून (म्हणजे डिस्क झेलायला मोकळ्या जागेत 'कट' मारून धावणारी) तेच लागतं. एका बाजूला तीन पावलं जोरात जायचं, अंगावरचा डिफेंडर वळला की उलट सुटायचं. पहिल्या स्पर्धेत मला सांगितलं होतं, 'तू फक्त धाव, मिळाली तर झेल, झेललीस की जवळच्या हँडलरला परत दे.' (हँडलर म्हणजे मुख्य फेकणारा.) तेवढंच केलं. फार मोकळं वाटलं.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रश्न किती खेळवायचं एवढाच नाही, काय काम देऊन खेळवायचं हाही आहे.

अस्मिता_जे

बंगळुरूत राहते, मिश्र संघांत खेळते. या धाग्यात अजून कोणी बोललं नाही ते बोलते.

तुम्ही पॉइंट मोजताय. आत गेल्यावर डिस्क कोणाकडे येते ते मोजलंय का कधी? मिश्र खेळात सातांत चार-तीन असं प्रमाण असतं. पहिल्या पॉइंटला चार मुली की चार मुलगे हे टॉसवर ठरतं आणि मग दर दोन पॉइंटनी ते उलटतं. म्हणजे कागदावर अगदी न्याय्य. मैदानावर मात्र असं होतं: मुलगी कट करून पूर्ण मोकळी, हात वर, एंडझोनच्या दारात. हँडलर तिच्याकडे बघतो, नजर फिरवतो, आणि दोन माणसांच्या गर्दीत उंच मुलाकडे लांब थ्रो टाकतो. तो पडतो. सगळे म्हणतात, 'गुड आयडिया, बॅड एक्झिक्यूशन.' मोकळी उभी असलेली मुलगी परत डिफेन्सला पळते. असं चार वेळा झालं की ती कट करणं सोडते. मग तेच लोक म्हणतात, 'मुली कटच करत नाहीत, देणार कोणाला?'

नवख्या मुलांनाही हे भोगावं लागतं, पण त्यांचं नवखेपण वर्षभरात संपतं. मुलगी जुनी झाली तरी तिच्यावरून नजर फिरतेच. मी हे वर्षानुवर्षं पाहतेय आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

आमच्या एका संघात आम्ही यावर बोललो. सरावाचे सामने असे ठेवले की चढाईत निदान एका मुलीच्या हातातून डिस्क गेल्याशिवाय गुण धरायचा नाही. पहिला आठवडा कटकट झाली. नंतर मुलांच्या लक्षात आलं की मुली झेलतायत, आणि दुसऱ्या संघांचे डिफेंडर त्यांना सोडून उभे राहतात म्हणून गुण पटापट होतायत. खेळच सुधारला आमचा.

मुक्ता, बाकी सगळं नंतर. बसमध्ये बसायच्या आधी हे संघाशी बोल.

मुक्ता_पुणे

अस्मिता, तुझा प्रतिसाद आमच्या गटावर टाकलाय. दोन हँडलरांनी वाचून फोन केला.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. मुलगी शाळेच्या संघात खेळते, मी रविवारी चाळिशीपुढच्या मंडळींबरोबर. या खेळाचा जन्म आमच्यापासून गाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर झाला म्हणून थोडी भर घालतो.

मेपलवुडची कोलंबिया हायस्कूल. १९६८ मध्ये तिथल्या जोएल सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याने (पुढे हॉलिवुडमधला मोठा निर्माता झाला) स्टुडंट कौन्सिलमध्ये फ्रिस्बीचा प्रस्ताव मांडला, आणि पुढच्या वर्षी कौन्सिल विरुद्ध शाळेच्या वर्तमानपत्राची मुलं असा सामना झाला. नंतर मुलं रात्री शाळेच्या पार्किंगमध्ये दिव्यांच्या उजेडात खेळायची. त्या पार्किंगच्या कडेला आज स्मृतिफलक आहे. मुलीला घेऊन मुद्दाम गेलो होतो.

विद्यापीठांचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १९७२ रोजी न्यू ब्रन्सविकला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. रटगर्सने तो २९-२७ असा जिंकला. बरोबर १०३ वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, याच दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला होता. तोही रटगर्सने दोन गुणांनीच जिंकला होता.

मुद्द्यावर येतो. हा खेळ शाळकरी मुलांनी स्वतःसाठी काढला. प्रशिक्षक नव्हते, पंच नव्हते, ज्याला यायचं तो यायचा. त्यामुळे माझं मत सगळ्यांना खेळवा या बाजूला. मुलीच्या शाळेत कोच साखळीत सगळ्यांना फिरवते.

न्यायनिवाडा

एडिसनकर, पंच नव्हते हे खरं, पण तुमच्याच अमेरिकेत २०१२ पासून व्यावसायिक लीग आहे (आता अल्टिमेट फ्रिस्बी असोसिएशन म्हणतात) आणि तिथे पंच शिट्टी वाजवतात. १२ मिनिटांचे चार डाव, दहाऐवजी सात सेकंद. बघायला फार वेगवान. खेळ मोठा व्हायचा तर पंच हवेत असं मला वाटतं. तिकीट काढून आलेला प्रेक्षक दोन खेळाडूंची चर्चा किती वेळ ऐकणार?

हॅमर_थ्रो

इथे मात्र मी न्यायनिवाडांच्या विरुद्ध. जिंकायचं म्हणणारा मी, पण पंच आला की मी हा खेळ सोडेन. पंच असला की त्याची नजर चुकवणं ही कला होऊन बसते. फुटबॉलमध्ये लोळण घेतात ती कोणासाठी? इथे लोळून फायदा कोणाला दाखवणार? समोर जो उभा आहे त्याला ठाऊक असतं हात लागला की नाही.

मांडवी

पणजीतून. आम्ही वाळूवर खेळतो. तिथे पाच-पाच जण, मैदान ७५ बाय २५ मीटर, बूट नाहीत. पंच नसल्याने फरक काय पडतो ते स्पिरिटच्या, म्हणजे खिलाडूवृत्तीच्या, गुणांत दिसतं. सामना संपला की प्रत्येक संघ दुसऱ्या संघाला गुण देतो. पाच बाबी: नियमांचं ज्ञान, फाउल आणि अंगाशी लगट, निःपक्षपातीपणा, वृत्ती आणि संयम, संवाद. प्रत्येकी ० ते ४, आणि २ म्हणजे नेहमीसारखं चांगलं. म्हणजे १० मिळाले तर नाराज होऊ नये. नवे लोक वीसपैकी दहा बघून तोंड पाडतात, त्यांना आधी सांगून ठेवा. आणि गुण सामना संपल्यावर लगेच, सगळ्या संघाने बसून द्या. रात्री जेवताना एकट्या कप्तानाने दिले की त्यात हरल्याचा राग उतरतो.

वाऱ्याबद्दलही सांगते. आमच्याकडे सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर समुद्रावरून सुटतो. दुपारी वाऱ्याविरुद्ध एक गुण काढला की सामना निम्मा जिंकल्यात जमा. म्हणून आम्ही नवख्यांचे जास्त पॉइंट सकाळच्या सामन्यांत ठेवतो. बंगळुरूला समुद्र नाही, पण मोकळ्या मैदानावर वारा असतोच. डोक्यात असू द्या.

अस्थिमित्र

मी हाडांचा डॉक्टर. खेळत नाही, पण माझ्याकडे फ्रिस्बी खेळणारे येतात, बहुतेक सोमवारी.

समान खेळवण्याच्या बाजूने शरीराचं कारण देतो. हौशी खेळाडू एरवी खुर्चीत बसलेला असतो. शनिवारी त्याला तीन-चार सामने, रविवारी परत दोन-तीन. या खेळात धाव कधीच एका गतीची नसते. भरवेगात सुटणं, थांबणं, वळणं, उडी. तुम्ही तेच नऊ-दहा जण शनिवारभर पळवलेत तर रविवारी सकाळी मांडीचा मागचा स्नायू धरलेला असणार, आणि थकलेल्या पायावर वळताना गुडघा दगा देतो. गुडघ्यातलं एसीएल (सांधा धरून ठेवणारं एक लिगामेंट) बहुतेक वेळा कोणी धडकून फाटत नाही, एकट्याने वळताना किंवा उडीवरून उतरताना फाटतं. बायकांमध्ये हा धोका पुरुषांपेक्षा जास्त. तुमच्याकडे मुली सात आणि दर दोन पॉइंटनी चार लागणार, म्हणजे खरा ताण त्यांच्यावर. कप्तानबाई, हे गणित आधी मांडा.

करण्यासारखं: फिफाने फुटबॉलसाठी बसवलेला '११+' नावाचा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे, यूट्यूबवर सापडेल. तो सकाळच्या पहिल्या सामन्याआधी पूर्ण करा, पुढच्या प्रत्येक सामन्याआधी त्यातला थोडा. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापातच कालवा. मोठं पाकीट एक लिटरला, लहान २०० मिलीला. चव नको म्हणून पाणी वाढवू नका. आणि जमलं तर शुक्रवारी दुपारीच पोचा. रात्रभर स्लीपर बसमध्ये पाय दुमडून पडायचं, सकाळी उतरायचं आणि थेट मैदानावर जायचं, हे मला डॉक्टर म्हणून बिलकूल आवडत नाही.

हॅमर_थ्रो

डॉक्टरसाहेब, शुक्रवारची रजा हौशी संघात निम्म्यांनाच मिळते. पण मुलींच्या ताणाचा मुद्दा मी कधी असा मांडून पाहिला नव्हता. बरोबर आहे.

लिंबूसरबत

मुक्ताताईने गटावर धाग्याची लिंक दिली म्हणून सभासद झाले. त्या सहा जणांतली मी एक.

इथे आमच्याबद्दल सगळे बोलतायत म्हणून मीही बोलते. मला सारखे पॉइंट नकोत. मला आधी माहीत हवं. मागच्या महिन्यात मैत्रीपूर्ण सामन्याला मी कडेला उभी होते. दर गुणानंतर सगळे कप्तानाकडे बघतात, ती नावं घेते, आणि आपलं नाव येतं का म्हणून कान तिकडे लागलेले. नाव नाही आलं की टाळ्या वाजवायच्या. परत पुढच्या गुणाला तेच. खेळून दमत नाही इतकी मी त्याने दमले. आणि अचानक नाव आलं तेव्हा अंग थंड पडलेलं, बाटली हातात, टोपी डोक्यावर.

त्यापेक्षा सकाळीच सांगा, या सामन्यात तुझे पाच पॉइंट, अमुक लोकांबरोबर. तीन असले तरी चालेल. मी त्या तीनसाठी तयार राहीन. आणि हॅमरदादा, डिस्क टाकली म्हणून मी सराव सोडणार नाही. नाव आलंच नाही तर मात्र सोडेन.

खोखोवाली

लिंबूसरबत, किती नेमकं लिहिलंस गं. हा प्रतिसाद सगळ्या कप्तानांनी वाचावा.

अस्मिता_जे

+१. आणि मुक्ता, सरबतला पाच पॉइंट दे :)

हॅमर_थ्रो

मान्य. तुझं म्हणणं पटलं. मी ओ-लाइन, डी-लाइन ठरवतो ते याच कारणासाठी, पण ते आम्ही ठरवून आमच्याजवळ ठेवतो. सांगत नाही. सांगायला पाहिजे.

पंचगंगा

मला अजून मैदान दिसलं नाही पण सामना रंगलाय. 'पुल' आणि 'स्टॅक' म्हणजे काय ते कोणी सांगा.

मांडवी

पुल म्हणजे गुण झाल्यावर डिफेन्सच्या संघाने स्वतःच्या एंडझोनच्या रेषेवरून समोरच्यांकडे लांब फेकलेली डिस्क. तिथून खेळ सुरू. स्टॅक म्हणजे चढाई करणाऱ्यांची उभी किंवा आडवी रांग. रांगेत उभं राहून जागा मोकळी ठेवायची आणि एकेकाने त्या मोकळ्या जागेत कट मारायचा. नवा माणूस सगळ्यात आधी चुकतो ते इथे. डिस्ककडे सगळेच धावतात आणि जागाच उरत नाही. सरावात नव्यांना थ्रो शिकवण्याआधी रांगेत थांबायला शिकवलं तर स्पर्धेत निम्मा गोंधळ टळतो.

मुक्ता_पुणे

मंडळी, आज निघतोय. काल रात्री सगळे सोळा जण बसलो. ठरलं ते असं:

शनिवारी साखळीत प्रत्येक सामन्याआधी पॉइंट वाटून कागद सगळ्यांना दाखवायचा. वेळ संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत तो कागद बदलायचा नाही. भोंग्यानंतर, जेव्हा एक-दोन पॉइंटच उरतात, तेव्हा निवड कप्तानाची आणि त्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही. नव्या प्रत्येकाबरोबर आत निदान दोन अनुभवी हँडलर. प्रत्येक नव्याला एकच काम. आणि हँडलरांनी मोकळ्या मुलीवरून नजर फिरवायची नाही. हे शेवटचं आमच्या सगळ्यात जुन्या हँडलरने स्वतः उभं राहून सांगितलं.

रविवारच्या बाद फेरीत काय करायचं यावर एकमत झालं नाही. मतदान घेतलं, नऊ विरुद्ध सात, कागद रविवारीही चालणार.

न्यायनिवाडा

शुभेच्छा! निकाल कळवा.

एडिसनकर

जोरात खेळा. आणि सामन्यानंतर दोन्ही संघ गोल करून उभे राहाल तेव्हा नव्यांना बोलू द्या.

मुक्ता_पुणे

परत आलो. पाय जिना उतरत नाहीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

शनिवारी साखळीत चार सामने, दोन जिंकलो, दोन हरलो. एक हार सपशेल, समोरचा संघ आपल्यापेक्षा फार पुढचा होता. पण दुसरी आपण जिंकू शकलो असतो, आणि तिथे कागदामुळे एक-दोन गुण गेले हे मी मान्य करते. रात्री त्यावरून बोलाचाली झाली. कागद तसाच ठेवला.

रविवारी उपांत्यपूर्व फेरी. अस्थिमित्र, तुम्ही म्हणालात तसंच झालं, पण समोरच्या संघाचं. त्यांच्या मुली पाच. शनिवारभर त्याच पळाल्या होत्या आणि चार मुलींच्या पॉइंटला त्या उभ्यासुद्धा राहू शकत नव्हत्या. आमच्या सातही जणी ताज्या. ३-७ असे मागे होतो ते १०-१० वर आलो. भोंगा होऊन गेलेला, शेवटचा एकच पॉइंट, ज्याचा गुण त्याचा सामना. आता निवड माझी.

प्रमाण चार मुलींचं आलं. तीन जुन्या नक्की होत्या. चौथी मी सरबतला घेतलं. दया म्हणून नाही. आदल्या दोन सामन्यांत ती ज्या खेळाडूला अडवत होती तिने एकही गुण केला नव्हता.

पॉइंट खूप लांबला. त्यांच्या एका मुलाने आमच्या एंडझोनच्या कोपऱ्यात पूर्ण आडवं उडून डिस्क झेलली. त्यांचा संघ ओरडत आत आला. आमच्यापैकी कोणालाच रेष दिसली नव्हती. आम्ही मान खाली घालून निघालोही होतो. तो मुलगा उठला, गवताकडे बघितलं आणि हात हलवून म्हणाला, 'बाहेर. माझा पाय रेषेवर होता.' स्पर्धा संपत होती, पंच नव्हता, कॅमेरा नव्हता. त्याच्या संघातल्या एकानेही त्याला 'गप बस' म्हटलं नाही.

डिस्क आमच्याकडे आली. आम्ही मैदानाच्या मध्यापर्यंत नेली, सरबतने एक कट मारून झेलली, हँडलरला परत दिली, आणि पुढचा लांब थ्रो वाऱ्याने नेला. त्यांनी झटपट दोन पास केले आणि गुण केला. १०-११.

हरलो म्हणून वाईट वाटलंच. नाही म्हणणार नाही. पण गोलात त्या मुलाला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते: तुझ्यासारख्या माणसाविरुद्ध हरायला मी पुन्हा बारा-पंधरा तास बसमध्ये बसेन. आमच्या संघाने त्यांना स्पिरिटचे १७ गुण दिले.

हॅमर_थ्रो

वाचताना अंगावर काटा आला. तो शेवटचा थ्रो कोणी टाकला हे विचारत नाही.

माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. कागद दाखवायची पद्धत आम्ही घेणार. पण बाद फेरीत मी अजूनही माझी निवड वापरेन, आणि ते आधीच सगळ्यांना सांगेन. ज्याला हे मान्य नाही त्याने आमच्या संघात येऊ नये, दुसऱ्यात जावं. दोन्ही प्रकारचे संघ असावेत.

अस्मिता_जे

हॅमर, हे प्रामाणिक आहे. सांगून केलं की चालतं.

मुक्ता, मी त्या सामन्याच्या कडेला होते, नंतर भेटायचं राहून गेलं. तुमचे हँडलर मुलींना डिस्क देत होते. शेजारी उभ्या असलेल्या दोन संघांत त्यावर चर्चा चालली होती.

लिंबूसरबत

घरी आईला डिस्क दाखवली. ती म्हणाली, एवढ्या ताटलीसाठी बंगळुरू? मग अर्धा तास गच्चीवर माझ्याबरोबर फेकत होती. तिचा बॅकहँड माझ्यापेक्षा सरळ जातो.

संत्रानगरी

नागपूरहून. धागा सलग वाचून काढला. आमच्या कॉलनीत मैदान आहे, उत्साही मुलंमुली दहा-बारा जमतील. खेळ कोणालाच येत नाही. सुरुवात कुठून करायची?

खोखोवाली

१७५ ग्रॅमच्या दोन डिस्क घ्या. किनाऱ्यावर विकायला असतात त्या हलक्या नकोत, वाऱ्यात उडतात आणि मनगटाला चुकीची सवय लागते. कोपरे दाखवायला आठ कोन (खुणेचे शंकू). बूट फुटबॉलचे रबरी स्टडचे चालतात, नसतील तर आधी साधे. पहिले दोन आठवडे जोड्या करून फक्त बॅकहँड-फोरहँड, दहा मीटरवरून. फोरहँडला हात फिरवायचा नाही, मनगटाचा झटका. फिरकी जितकी जास्त तितकी डिस्क सरळ राहते. मग लहान मैदानावर चार-चार जणांचे सामने लावा. पहिल्या दिवसापासून मुलींना हँडलर करा, आणि पहिल्या दिवसापासून फाउल ज्याचा त्याने सांगायचा. जागतिक संघटनेचे, म्हणजे डब्ल्यूएफडीएफचे नियम फुकट उतरवून घेता येतात, ते छापून एकत्र वाचा.

नागपूरचा उन्हाळा बघता सराव सकाळी सातच्या आत संपवा.

संत्रानगरी

आभारी आहे ताई. डिस्क मागवल्या. येत्या रविवारी सहाला मैदानावर जमतोय, नागपूरकर कोणी वाचत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.